यूपीएस असताना कॅशचे संरक्षण कशाला? – एक प्रतिवाद

सर्व्हरने लिहायला दिलेला डेटा स्टोरेज अरेमध्ये सहसा थेट डिस्कवर जात नाही. तो आधी कंट्रोलरच्या डीरॅममध्ये, म्हणजे राइट कॅशमध्ये उतरतो. तेवढे झाले की कंट्रोलर सर्व्हरला ‘लिहून झाले’ अशी पोच देऊन टाकतो आणि डिस्कवरचे प्रत्यक्ष लेखन सवडीने करतो. या पद्धतीला राइट-बॅक म्हणतात. पोच दिल्यापासून डिस्कवर लेखन होईपर्यंत त्या डेटाची स्टोरेजमधली ताजी प्रत फक्त डीरॅममध्ये असते, आणि डीरॅमचा प्रत्येक बिट साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा ताजा करावा लागतो. वीज गेली की ती मेमरी रिकामी. वीज गेली किंवा कंट्रोलर बंद पडला तरी हा डेटा शाबूत राहावा म्हणून बॅटरी, सुपरकपॅसिटर, फ्लॅश आणि दुसऱ्या कंट्रोलरवरची जुळी प्रत अशी जी तरतूद केलेली असते, तिला कॅशचे संरक्षण म्हणतात.

खर्चाला कात्री लावायची वेळ आली की ही तरतूद अनाठायी ठरवणारा युक्तिवाद हमखास पुढे येतो. डेटा सेंटरला यूपीएस आहे, जनरेटर आहे, प्रत्येक उपकरणाला दोन पॉवर सप्लाय आहेत. डेटाबेस क्रॅशमधून आपोआप सावरतो. डिस्कच्या जागी आता एसएसडी आल्या आहेत. शिवाय दुसऱ्या ठिकाणी रेप्लिका आहेच. मग बॅटरीवर पैसे का घालायचे आणि दर काही वर्षांनी ती बदलण्याची कटकट का ओढवून घ्यायची? यातला प्रत्येक मुद्दा सुटा घेतला तर पटण्याजोगा वाटतो. तपासून पाहिला तर एकही टिकत नाही. मुळात हा युक्तिवाद वीजपुरवठ्याबद्दल बोलतो, आणि धोक्यात असते ती कंट्रोलरने सर्व्हरला दिलेली पोच.

त्या पोचेवर काय काय उभे असते, ते आधी नीट पाहायला हवे. बँकेच्या खात्यातून पैसे वळते झाले की डेटाबेस तो व्यवहार आधी आपल्या लॉगमध्ये लिहितो, ऑपरेटिंग सिस्टिमला ‘हे कायमचे नोंदव’ अशी एफसिंक आज्ञा देतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. उत्तर आले की व्यवहार पक्का होतो, ग्राहकाला संदेश जातो, समोरच्या बँकेला सूचना जाते. या टप्प्यानंतर मागे फिरता येत नाही. पुढे तो लॉगच डिस्कवर सापडला नाही, तर ग्राहकाच्या हातात संदेश आहे आणि बँकेच्या दप्तरी व्यवहार नाही, अशी अवस्था होते. मशीन बंद पडणे हा त्रास आहे. दिलेली पोच खोटी ठरणे हे त्याहून कितीतरी गंभीर आहे, कारण ते कुणाच्या लगेच लक्षातही येत नाही.

यावर एक सरळ तोडगा सुचवला जातो. राइट-बॅक बंद करायचे, राइट-थ्रू ठेवायचे, म्हणजे डेटा डिस्कवर गेल्याशिवाय पोच द्यायचीच नाही. हा तोडगा प्रामाणिक आहे, पण त्याची किंमत आकड्यांत पाहिलेली बरी. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते, आणि त्यात हेड हलवण्याचे सात-आठ मिलिसेकंद धरले तर एका लहानशा राइटला बारा मिलिसेकंदांच्या आसपास जातात. म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी राइट. रेड ५ मध्ये, म्हणजे डिस्क मेली तर तिचा डेटा पुन्हा बांधता यावा म्हणून पॅरिटी साठवणाऱ्या संचात, लहान राइट करताना जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, असे चार हेलपाटे पडतात. आठ डिस्कचा संच घेतला तर ६४० भागिले ४, म्हणजे सेकंदाला १६० राइट. शेकडो माणसे एकाच वेळी नोंदी करत असतील तर ही व्यवस्था गुडघे टेकते. म्हणूनच आयबीएमने १९८०च्या दशकात आपल्या ३९९० कंट्रोलरमध्ये वीज गेली तरी टिकणारी वेगळी मेमरी बसवली, आणि लवकर पोच देण्याची सोय त्या मेमरीच्या आधाराने केली. वेग आणि टिकाऊपणा ही जोडी तेव्हापासूनची आहे. त्यातला वेग ठेवून टिकाऊपणा काढून टाकायचा, एवढाच संरक्षण नको म्हणणाऱ्या युक्तिवादाचा अर्थ होतो.

शिवाय राइट-थ्रू केले म्हणजे सगळे सुरक्षित, हेही पूर्ण खरे नाही. रेड ५ मध्ये नवा डेटा डिस्कवर गेला आणि पॅरिटी जायच्या आत वीज गेली, तर दोघांचा मेळ तुटतो. त्या क्षणी काहीच दिसत नाही. पुढे कधीतरी त्या संचातली एक डिस्क मरते, चुकीच्या पॅरिटीवरून तिचा डेटा पुन्हा बांधला जातो, आणि ज्या फाइलला त्या रात्री कुणी हातही लावला नव्हता तीच बिघडते. याला राइट होल म्हणतात. हार्डवेअर रेडमध्ये हे भोक बुजवण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे अर्धवट राहिलेल्या लेखनाची नोंद टिकाऊ मेमरीत ठेवणे. म्हणजे कॅशचे संरक्षण काढले की राइट-थ्रूमध्येही एक दार उघडेच राहते.

आता यूपीएसचा मुद्दा. यूपीएस आणि जनरेटर आपले काम करतात, यात वाद नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्ही वाहिन्यांमधल्या बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तरी मुंबईतल्या दोन्ही शेअर बाजारांचे व्यवहार चालू राहिले. पण यूपीएस ज्या संकटाला तोंड देतो ते त्याच्या मागच्या बाजूचे असते. पुढच्या बाजूला, म्हणजे यूपीएसच्या आउटपुटपासून कंट्रोलरच्या मेमरीपर्यंत, बराच रस्ता उरतो. वितरण पॅनेल, एमसीबी, रॅकमधली पॉवर स्ट्रिप, केबल, पॉवर सप्लाय, मदरबोर्डवरचे व्होल्टेज रेग्युलेटर. एका रॅकचा एमसीबी पडला, आगीच्या सूचनेवरून आपत्कालीन बटण दाबले गेले, देखभालीला आलेल्या माणसाने दोन्ही बाजूंचे प्लग एकामागून एक काढले, दोन्ही पॉवर सप्लाय चुकून एकाच फेजवर जोडलेले निघाले, तर यूपीएस ठणठणीत असूनही कंट्रोलर अंधारात जातो.

आणि वीजपुरवठ्याची व्यवस्था स्वतःच संकटाचे कारण होते तेव्हा? २७ मे २०१७ रोजी ब्रिटिश एअरवेजच्या हीथ्रोजवळच्या डेटा सेंटरमध्ये वीजपुरवठा तोडला गेला आणि नंतर अनियंत्रित रीतीने पुन्हा जोडला गेला. सुमारे ७५,००० प्रवासी अडकून पडले. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये डेल्टा एअरलाइन्सच्या अटलांटामधल्या केंद्रात वीज नियंत्रणाचे उपकरण बिघडले. पर्यायी पुरवठा हजर होता, पण सुमारे ७,००० पैकी ३०० च्या आसपास यंत्रे त्याला जोडलेलीच नव्हती, असे कंपनीने नंतर सांगितले. या दोन्ही कंपन्यांकडे यूपीएस आणि जनरेटर घ्यायला पैसे नव्हते असे कुणी म्हणणार नाही. वीज कधीच जाणार नाही हे गृहीतच चुकीचे होते.

त्यापुढची गोष्ट अशी की, कॅश जायला वीज जावीच लागते असेही नाही. कंट्रोलरचे फर्मवेअर अडकले, वॉचडॉगने त्याला रीसेट केले, मेमरीचे एखादे मॉड्यूल दुरुस्त न होणारी चूक दाखवू लागले, प्रोसेसर जळाला, तर वीज चालू असूनही त्या कंट्रोलरच्या डीरॅममधला डेटा हातचा जातो. यूपीएसचा इथे काहीच उपयोग नाही. इथे उपयोगी पडते ती जुळी प्रत. आयबीएमच्या डीएस८००० मालिकेत दोन सर्व्हर असतात. आलेला राइट एकाच्या कॅशमध्ये जातो आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या टिकाऊ मेमरीत जातो. दोन्हीकडे पोहोचल्यावरच पोच निघते. एक सर्व्हर कोसळला तर दुसरा आपल्याकडची प्रत घेऊन काम पुढे नेतो. याच्या उलटचा भ्रमही तितकाच धोक्याचा आहे: दोन कंट्रोलरमध्ये प्रत आहे, मग बॅटरी कशाला? दोन्ही कंट्रोलर एकाच चासीमध्ये, एकाच रॅकमध्ये असतात. वीज गेली की दोघांची एकदमच जाते. जुळी प्रत कंट्रोलरच्या मरणापासून वाचवते, बॅटरी विजेच्या जाण्यापासून. एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

वीज जाते त्या क्षणी आत नेमके काय घडते, हे पाहिले की बॅटरीला शोभेची वस्तू समजणे किती चुकीचे आहे ते कळते. पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये उरलेली ऊर्जा दहा-वीस मिलिसेकंद पुरते. तेवढ्या वेळात तो मदरबोर्डला वीज जात असल्याचा इशारा देतो. नवे राइट घेणे थांबते, प्रोसेसरच्या आतल्या बफरमधला डेटा मेमरीत ढकलला जातो, मेमरी स्वतःला ताजी ठेवण्याच्या अवस्थेत जाते आणि बॅटरी भार उचलते. जुन्या रेड कार्डांमध्ये गोष्ट इथेच थांबायची. लिथियम-आयन बॅटरी मेमरीला जागते ठेवायची, अनेक कार्डांत कमाल ७२ तासांपर्यंत. शुक्रवारी रात्री गेलेली वीज मंगळवारी सकाळी आली, तर मात्र खेळ संपला. म्हणून पुढच्या पिढीने मुक्काम बदलला. वीज जाताच कॅशमधला, अजून डिस्कवर न गेलेला डेटा फ्लॅशवर उतरवायचा, चेकसम लिहायचा आणि मग खुशाल बंद पडायचे. समजा कॅशमध्ये ६४ जीबी डेटा आहे आणि फ्लॅशवर सेकंदाला एक जीबी लिहिता येतो, तर मिनिटभराची ऊर्जा लागते. बॅटरीला तीन दिवस झुंजायचे नसते, काही मिनिटे पुरेल एवढीच ताकद ठेवायची असते. लहान कार्डांत तर सुपरकपॅसिटर तेवढे काम करून जातो. ईएमसीच्या क्लॅरियन अरेमध्येही तत्त्व हेच होते. वेगळा बॅटरी संच कंट्रोलरना आणि पहिल्या डिस्क पेटीला तग धरायला लावायचा, आणि तेवढ्यात कॅश ठरावीक डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेत उतरवली जायची. वीज परतल्यावर उलटा प्रवास होतो. जतन केलेला डेटा तपासला जातो, कॅशमध्ये परत आणला जातो, आणि सर्व्हरला दारे उघडतात ती त्यानंतरच.

डेटाबेस आणि फाइल सिस्टिम क्रॅशमधून स्वतःच सावरतात, हा मुद्दा अनुभवी माणसेही मांडतात, आणि तोच सर्वांत फसवा आहे. लॉग आधी आणि मूळ डेटाचे पान नंतर, हा क्रम पाळला गेला असेल तरच लॉगवरून सावरता येते. डेटाबेस तो क्रम पाळतो. कॅश पाळत नाही. हेडची धावपळ वाचावी म्हणून कॅश डिस्कवरच्या जागेनुसार राइट लावून घेते. त्यामुळे मूळ पान डिस्कवर गेले आणि त्याच्या आधी लिहिलेला लॉग अजून कॅशमध्येच, असे सहज घडते. कॅश टिकाऊ असेल तोवर याने काही बिघडत नाही, कारण सर्व्हरच्या दृष्टीने दोन्ही लिहून झालेलेच असतात. कॅश गेली की डेटाबेसला असे पान सापडते ज्याचा लॉगमध्ये मागमूस नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसचे पान ८ केबीचे असते, इनोडीबी या डेटाबेस इंजिनचे १६ केबीचे. अर्धे पान नवे आणि अर्धे जुने, अशीही अवस्था येऊ शकते. त्यासाठी पोस्टग्रेस लॉगमध्ये संपूर्ण पान लिहून ठेवतो, इनोडीबी दुहेरी लेखन करतो. पण ही राखीव प्रतही त्याच कॅशमधून जाते. सावरण्याची सगळी यंत्रणा ज्या पोचेवर विसंबून आहे, तीच पोच खोटी निघाली तर यंत्रणेने तरी काय करावे? पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजात विश्वासार्हतेचे वेगळे प्रकरण आहे आणि त्यात डिस्कच्या व कंट्रोलरच्या कॅशबद्दल स्पष्ट इशारा दिलेला आहे. डेटाबेस लिहिणारेच जिथे हात टेकतात, तिथे खरेदी करणाऱ्याने डेटाबेसवर भिस्त ठेवू नये.

नेटअ‍ॅप या स्टोरेज कंपनीची रचना या संदर्भात बोलकी आहे. तिथे बॅटरीवरच्या मेमरीत डिस्कचे ब्लॉक न ठेवता सर्व्हरकडून आलेल्या मागण्यांचा लॉग ठेवतात. मेमरीचे दोन भाग असतात. एक भरला की दुसऱ्यात नोंद सुरू होते आणि पहिल्यातले बदल एका सुसंगत टप्प्यात डिस्कवर उतरवले जातात. डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनी १९९४ मध्ये ही रचना मांडली. फाइल सिस्टिम डिस्कवर कायम सुसंगत राहील, अशी ती मुळातच बेतलेली होती. तरीही मधल्या काही सेकंदांतले, पोच दिलेले काम वाचवायला टिकाऊ मेमरी लागलीच. सुसंगत असणे वेगळे आणि काहीही न गमावणे वेगळे.

एसएसडी आल्यावर कॅशचा प्रश्नच मिटला, असे समजणाऱ्यांनी एसएसडीच्या आत डोकवावे. तिच्यातही डीरॅम असते, आणि कोणता डेटा फ्लॅशमध्ये कुठे आहे याचा नकाशाही बहुधा त्याच डीरॅममध्ये असतो. एका सेलमध्ये दोन किंवा तीन बिट ठेवणाऱ्या फ्लॅशवर लिहिताना मध्येच वीज गेली, तर आधी कधीतरी लिहिलेला शेजारचा बिटही बिघडू शकतो. २०१३ मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी पाच उत्पादकांच्या १५ एसएसडींची वीज मुद्दाम तोडून चाचणी घेतली. त्यांपैकी १३ मध्ये काही ना काही बिघाड आढळला. बिघडलेले बिट, अर्धवट राइट, क्रम चुकलेले राइट, आणि एका बाबतीत अख्खी डिस्कच निकामी. म्हणून एंटरप्राइझ दर्जाच्या एसएसडीवर कपॅसिटरची रांग असते. ती दुसरेतिसरे काही नसून कॅशचे संरक्षणच आहे, फक्त प्रत्येक ड्राइव्हमध्ये वाटून दिलेले. ते कपॅसिटर नसलेल्या स्वस्त एसएसडी अरेमध्ये घालणे म्हणजे कंट्रोलरवर कमावलेली सुरक्षितता एक पायरी खाली जाऊन गमावणे. फिरत्या डिस्कच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. बॅटरीवाले रेड कार्ड असेल तर डिस्कची स्वतःची राइट कॅश बंद ठेवतात, कारण तिला कुणाचेच संरक्षण नसते.

रेप्लिकाचा आधारही वाटतो तेवढा भक्कम नाही. असिंक्रोनस रेप्लिका काही सेकंद किंवा मिनिटे मागे असते, आणि नेमका तोच काळ धोक्याचा असतो. सिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये दुसऱ्या अरेची पोच आल्याशिवाय सर्व्हरला उत्तर जात नाही हे खरे. पण दुसरा अरे पोच देतो तीही डेटा त्याच्या कॅशमध्ये पोहोचल्यावरच. तिथली कॅश असुरक्षित असेल तर एका असुरक्षित पोचेवर दुसरी रचली जाते. रेप्लिका कॅशच्या संरक्षणावर उभी आहे, त्याची जागा ती घेऊ शकत नाही.

उरला बॅटरीच्या कटकटीचा मुद्दा. ही कटकट खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. बॅटरी उतरत जाते. जुनी रेड कार्डे ठरावीक काळाने, बहुधा तीन महिन्यांनी, तिला पूर्ण उतरवून पुन्हा भरत, आणि तेवढा वेळ कार्ड राइट-थ्रूवर गेल्याने भर दुपारी सगळे संथ होई. त्यावर अनेकांनी शोधलेला उपाय म्हणजे बॅटरी खराब असली तरी राइट-बॅक चालूच ठेवा, ही सेटिंग. एलएसआयच्या कार्डांवर ती एका आज्ञेत लागू होते. तक्रार थांबते, वेग परत येतो, आणि त्या क्षणापासून यंत्र सर्व्हरला खोटी पोच देऊ लागते. हा बेजबाबदारपणा आहे, त्याला सौम्य शब्द नाही. कटकट टाळायची असेल तर सुपरकपॅसिटर आणि फ्लॅश असलेले कार्ड घ्यावे. उतरवून भरण्याची ती दुपार तिथे येत नाही. असाच आणखी एक प्रसंग यंत्र सुरू होताना येतो. एखादी डिस्क न सापडल्यामुळे तिच्यासाठी जपून ठेवलेली कॅश अजून शिल्लक आहे, ती टाकून द्यायची का, असे कार्ड विचारते. रात्री तीनला, वरून फोन येत असताना, पुष्कळ हात ‘टाकून द्या’कडे वळतात. आधी सुटलेली केबल किंवा बंद राहिलेली डिस्क पेटी शोधायला हवी. बॅटरीने जिवावर उदार होऊन राखलेला डेटा एका कळीने घालवायचा अधिकार कुणालाच नसावा.

बॅटरीच्याही मर्यादा आहेत, आणि त्या १३ ऑगस्ट २०१५ रोजी बेल्जियममध्ये दिसल्या. गूगलच्या तिथल्या डेटा सेंटरला वीज पुरवणाऱ्या जाळ्यावर एकापाठोपाठ चार वेळा वीज कोसळली. पर्यायी पुरवठा तत्परतेने सुरू झाला, स्टोरेजला बॅटरीही होती. तरी काही यंत्रांच्या बॅटऱ्या लांबलेल्या किंवा पुन्हा पुन्हा झालेल्या वापराने कमी पडल्या आणि नुकताच लिहिलेला थोडा डेटा कायमचा गेला. प्रमाण तिथल्या एकूण स्टोरेज जागेच्या ०.०००००१ टक्क्याहूनही कमी, पण ज्याचा गेला त्याचा गेला. यावरून बॅटरी नकोच असा निष्कर्ष काढणारे घोड्यापुढे गाडी जुंपतात. यातून मिळते ती रचनेची अट: कॅश एकदा उतरवून झाल्यावर, पुन्हा एकदा उतरवता येईल एवढी ऊर्जा बॅटरीत जमेपर्यंत अरेने राइट-बॅक सुरू करू नये. काटेकोरपणे बांधलेले अरे ही अट पाळतात. यंत्र सुरू होते, पण काही वेळ राइट-थ्रूवर चालते. तो संथपणा बिघाड समजून जबरदस्तीने घालवू नये.

हे सगळे आपल्या यंत्रात खरोखर चालते का, हे माहितीपत्रकावरून ठरत नाही. प्रोग्रॅमर ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी यासाठी डिस्कचेकर नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तपासायचे मशीन सतत लिहीत राहते आणि मिळालेली प्रत्येक पोच नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनकडे कळवते. मग पहिल्या मशीनची वीज खरोखर तोडायची; ऑपरेटिंग सिस्टिममधून शटडाउन केले तर कॅश आधीच रिकामी होते आणि चाचणी फुकट जाते. अरेच्या बाबतीत दोन्ही पॉवर सप्लायच्या केबल एकदम ओढायच्या. वीज परत दिल्यावर दुसऱ्या मशीनकडची यादी आणि डिस्कवरचा डेटा ताडून पाहायचा. पोच मिळालेला एकही ब्लॉक हरवलेला असता कामा नये. हीच चाचणी बॅटरी अर्धवट भरलेली असताना, म्हणजे पहिल्या खंडानंतर पाच मिनिटांत वीज पुन्हा तोडून, आणि एक कंट्रोलर बाहेर काढून ठेवलेला असताना, अशा दोन वेळा आणखी घ्यायची. ती प्रत्यक्ष वापर सुरू व्हायच्या आधी, अरे नवीन असताना आणि त्यावर कुणाचाही डेटा नसताना उरकायची.